घरच्या उपासनेत उंच कोण?



आज आपण कौटुंबिक उपासनेविषयी बोलू. शास्त्रपाठ आहे फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 2, वचने 5 ते 11. पवित्र शास्त्र जवळ असेल तर उघडून ठेवा.

आधी फिलिप्पै शहर समजून घेऊ. इसवी सनापूर्वी 42 साली तिथे मोठी लढाई झाली. त्यानंतर निवृत्त रोमी सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवले. म्हणजे पेन्शनरांचेच गाव! मी सैन्यातून निवृत्त होऊन बेंगळुरूत राहतो, त्यामुळे ते मला ओळखीचे वाटते. अशा ठिकाणी कोण कोणाच्या वर, याला फार महत्त्व असते.

या लोकांना पौल बंदिवासातून लिहितो. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही खाली उतरला. दास झाला, मनुष्य झाला, मरण पत्करले, आणि तेही वधस्तंभावरचे. ही शिक्षा गुलामांना होत असे, रोमी नागरिकाला सहसा नाही. याच्या खाली पायरीच नाही.

आता नीट पाहा. 8व्या वचनापर्यंत सगळे काही ख्रिस्त करतो. 9व्या वचनापासून करणारा देव आहे. पुत्र स्वतःहून खाली गेला, म्हणून पित्याने त्याला सर्वांहून उंच केले. स्वतःला उंच करण्यासाठी ख्रिस्ताने काहीच केले नाही.

हा पाठ मला तोंडपाठ होता, पण घरी माझे काय चालले होते ते सांगतो. रात्री आठला उपासना म्हणजे आठला. कोणी दोन मिनिटे उशिरा आले की मी घड्याळाकडे बघायचो. शास्त्र मी वाचायचो, अर्थ मी सांगायचो, प्रार्थनाही मीच करायचो. आणि त्या प्रार्थनेत मुलांच्या चुका देवाला मोठ्याने ऐकवायचो! मुलगा नोकरीला लागला आणि नेमका आठ वाजता घराबाहेर जाऊ लागला. विचारले, तर म्हणाला, "पप्पा, उपासनेत नाव प्रभूचं असतं, पण हुकूम तुमचा असतो."

मला राग आला. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. मग एका रात्री क्रमाने हाच पाठ आला. वाचता वाचता माझा आवाज थांबला. मुलगा घरी आल्यावर सर्वांसमोर मी त्याची क्षमा मागितली. तो लगेच उपासनेला बसू लागला नाही, त्याला बरेच महिने लागले. तेवढे थांबणे मला भाग होते.

आता आमच्याकडे पाळीपाळीने वाचतात. नात अडखळत मराठी वाचते, तिला मध्येच कोणी सुधारत नाही. सून कन्नड शास्त्रातून वाचते. पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन होते. अभंगाच्या वळणाने प्रभूची स्तुती त्यांनी आपल्या ओठांवर आणून ठेवली, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. प्रार्थनेत आधी फक्त स्तुती, मागणे नंतर. चूक सांगायची ती स्वतःची. वीस मिनिटांत उपासना संपते.

प्रियांनो, ख्रिस्ताला उंच करणे म्हणजे आपण त्याला वर चढवणे नव्हे. पित्याने त्याला आधीच उंच केले आहे. आपण आपल्या खुर्चीवरून उतरायचे आहे, म्हणजे घरातल्यांना तो दिसेल. वडीलधाऱ्यांनी आधी उतरावे, कारण सर्वांत उंच खुर्ची आपलीच असते.

आज रात्री एवढेच करा. घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हाती शास्त्र द्या आणि आपण ऐका. कोणाची क्षमा मागायची राहिली असेल, तर ती उपासनेच्या आधी मागा.

प्रभू तुमच्या घराला आशीर्वाद देवो. आमेन.