‘कोणी?’ हा प्रश्न आणि इंग्रजीचे व्याकरण

इयत्ता सातवीच्या वर्गात ‘व्हॉइस’ शिकविताना दरवर्षी एक अडचण हटकून येते. ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता’ हे मुलांनी आधीच्या इयत्तांत पाठ केलेले असते आणि कर्ता म्हणजे करणारा, हेही त्यांना ठाऊक असते. मग फळ्यावर ‘द वॉटर वॉज ड्रंक’ असे वाक्य लिहिले की एखादी मुलगी उठून विचारते, “सर, पाणी हा सब्जेक्ट, म्हणजे पाणी कर्ता. मग पाण्याने काय केले?”

मुलीचा प्रश्न बरोबर आहे; चूक आम्ही पढविलेल्या व्याख्येची आहे. ज्याच्याविषयी वाक्य बोलते तो इंग्रजीतील सब्जेक्ट. त्याला मराठीत ‘उद्देश्य’ म्हणणे अधिक योग्य. प्रत्यक्ष क्रिया करणारा तो ‘एजंट’. (एजंट म्हटले की मुलांना विम्याचा एजंट आठवतो, म्हणून आम्ही ‘करणारा’ असेच म्हणतो.) अ‍ॅक्टिव्ह व्हॉइसमध्ये हे दोघे बहुधा एकच असतात. पॅसिव्हमध्ये ते वेगळे होतात: उद्देश्याच्या जागी पाणी येते आणि पिणारा ‘बाय’ या शब्दामागे जाऊन बसतो, किंवा वाक्यातून साफ नाहीसा होतो.

दुसरा घोटाळा बाजारातील गाइडांनी केला आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ अशी जोडी ती लावून देतात. ‘मुलीने पुस्तक वाचले’, ‘मुलीने गोष्ट वाचली’ ही वाक्ये पाहा. क्रियापद मुलीकडे न पाहता पुस्तकाच्या आणि गोष्टीच्या लिंगाप्रमाणे बदलते, म्हणून मराठीत हा कर्मणी प्रयोग. पण इंग्रजीत हेच वाक्य ‘द गर्ल रेड द बुक’ असे, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह होते. ‘शिक्षकांनी मुलांना शिकवले’ हा तर भावे प्रयोग. त्याला इंग्रजीत जोडीदारच नाही. मराठीचा प्रयोग क्रियापद कोणाशी जुळते ते पाहतो, तर इंग्रजीचा व्हॉइस वाक्यात पुढे कोणाला आणले ते पाहतो. इंग्रजी पॅसिव्हच्या खरी जवळची मराठी रचना म्हणजे ‘माझ्याकडून पत्र लिहिले गेले’ ही. ती इंग्रजीच्या वळणाने आली, म्हणून तिला ‘नवीन कर्मणी’ असे नाव आहे. हा भेद ज्या मुलांना घरी समजावून सांगणारे कोणी नसते, ती आपल्याला इंग्रजी येतच नाही असे समजून गप्प होतात. आमच्या शाळेतील बहुसंख्य मुले अशाच घरांतील आहेत.

पॅसिव्ह वाक्य वाईट नव्हे. रस्ता कोणी दुरुस्त केला हे ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचे नसेल, तर ‘द रोड वॉज रिपेअर्ड’ हेच योग्य. परंतु आम्ही मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. करणारा गाळलेले वाक्य दिसले की आमचा हात तेथे थांबतो. २० मार्च १९२७ या दिवसाविषयी इंग्रजीत असे लिहिता येते: पाणी प्यायले गेले, प्रतिनिधींना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. पण पहिल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून चवदार तळ्यावर गेलेला समुदाय गायब आहे, तर उरलेल्या दोहोंत लाठ्या घेऊन धावून आलेले आणि नंतर शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ करणारे लोक गायब आहेत. धैर्य आणि अत्याचार दोन्ही एकाच रचनेने झाकले जातात. म्हणून हीच तीन वाक्ये आम्ही मुलांना अ‍ॅक्टिव्हमध्ये करावयास देतो. करणारा शोधण्यासाठी त्यांना इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते.

याहून अवघड स्वाध्यायासाठी आम्ही बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनाकडे जातो. १९२९ साली चाळीसगावला त्यांना टांग्यातून न्यावयाचे होते. महाराला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा त्यांचा आणि हाकणारा वस्तीतील माणूस, अशी तडजोड झाली. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. मोरीवर अपघात होऊन बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘ही वॉज थ्रोन आउट’ या वाक्याचा करणारा कोण? कोणी मूल घोडा म्हणते, कोणी हाकणारा म्हणते, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी टांगेवाल्यांचे नाव घेते. येथे व्याकरणातील करणारा आणि घटनेचे कारण यांत अंतर पडते, आणि तासही बहुधा येथेच संपतो.

वाङ्मयीन संज्ञाही याच पुस्तकातून सहज समजतात. ‘नॅरेटर’ म्हणजे निवेदक. वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरलेला मुलगा सुमारे नऊ वर्षांचा आहे. त्याची हकिगत लिहिणारे मात्र प्रौढ बाबासाहेब आहेत. दोघेही ‘आय’च म्हणतात, पण मुलाला न कळलेले लेखकाला कळते. पुढील काही प्रकरणांत हकिगत इतरांची आहे. तेथे निवेदक बदलतो. ‘मेटाफर’ म्हणजे रूपक, आणि ते तर शीर्षकातच आहे. व्हिसा परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. आपल्याच गावी पाण्यासाठी, बैलगाडीसाठी थांबावे लागणाऱ्याला तो कसला? सिमिली, अलिटरेशन यांच्या व्याख्या मुले एका दिवसात शिकतात, त्यासाठी येथे जागा खर्च करीत नाही.

शेवटी संविधान. अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगणाऱ्या अनुच्छेद १७ चे इंग्रजी वाक्य पॅसिव्ह आहे आणि त्यात ‘बाय’ नाही. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, नष्ट कोणी केली?” उत्तरासाठी आम्ही त्याला उद्देशिकेकडे नेले. ती संपूर्ण एक वाक्य आहे. उद्देश्य प्रारंभी, मुख्य क्रियापदे अगदी अखेरीस. उद्देश्य आहे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम, म्हणजे भारताचे लोक. आणि संविधान ज्यांना अर्पण केले तेही तेच, म्हणून तेथे रिफ्लेक्सिव्ह म्हणजे आत्मवाचक सर्वनाम आले आहे. अनुच्छेदात न दिसणारा करणारा आम्हांस तरी उद्देशिकेतच दिसतो.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांनाही या अभ्यासात भाग घेता येईल. सुटीत मूल घरी आले की त्याला पुस्तकातील एक इंग्रजी वाक्य वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगावयास लावावे, आणि ‘हे कोणी केले?’ एवढेच विचारावे. उत्तर वाक्यात नसेल, तर मुलाने वहीत त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून ती शाळेत घेऊन यावे. सुटीनंतरचा पहिला तास आम्ही त्या रेघांसाठीच ठेवतो.