हूड उन्हानं मरतं

जानेवारीत सकाळी सातला जीप घेऊन गेलात, तर यावलकडचा कुशनवाला तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवतो. ‘भाऊ, जरा ऊन चढू द्या,’ म्हणतो आणि नव्या हूडची, म्हणजे जीपच्या कापडी टपाची, घडी उलगडून ते बॉनेटवर पसरून ठेवतो. मे महिन्यात तोच माणूस दुपारी हूडाला हात लावत नाही. ‘उद्या नवाला या.’ गिऱ्हाइकाला वाटतं, याचे नखरे आहेत. प्रत्यक्षात तो माणूस बहुवारिकांचं रसायनशास्त्र सांगत असतो, फक्त ते नाव न घेता.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही केळीची गावं एकामागून एक लागतात आणि उत्तरेला सातपुडा सोबत चालत असतो. पाल, जामन्या, लंगडा आंबा या बाजूंना जायचं किंवा मनुदेवीच्या वाटेला लागायचं, तर जीप आपली वाटते. कमांडर जीपच्या मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून या भागातल्या दोन पिढ्या बाजाराला गेल्या. आता त्या जागी थार दिसते. ती बनते नाशिकला. २०१० साली पहिली थार आली तीच कापडी टपाची होती, आणि २०२० साली नवी आली तेव्हाही कापडी टप मागता येत होता. मूळच्या लष्करी जीपलाही कॅनव्हासच होतं. वजन कमी, आणि काढून टाकलं की गाडी झुडपाआड लपते.

जुनं कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड. त्याची गंमत अशी, की ते भिजलं की सुधारतं. कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी आत यायचं थांबतं. मात्र भिजलेल्या टपाला आतून डोकं किंवा बोट टेकलं, की नेमकी तिथूनच धार लागते. टेकल्या जागी पाण्याला आतल्या बाजूनं वाट मिळते. मागे बसलेल्या पोरांना मोठी माणसं ‘टपाला हात लावू नको’ म्हणून ओरडत, त्याचं कारण हे. सुताचा दुसरा शत्रू बुरशी. ओलं कॅनव्हास घडी करून ठेवलं, की बुरशी त्यातलं सेल्युलोज खाते, आणि एकदा पडलेले काळे ठिपके मग निघत नाहीत. केळीच्या चिकाचंही तसंच. घड वाहताना चीक लागला, तर त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं हवेशी संयोग पावून तपकिरी होतात आणि तंतूला घट्ट धरून बसतात. या भागात ज्यांच्या सदऱ्यावर तो डाग नाही, ते एक तर सोनार असावेत किंवा पाहुणे.

आज बहुतेक हूड ज्याचं शिवतात त्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. रेक्झिन हे खरं तर इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं नाव. तो माल म्हणजे कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर. जुन्या सिनेमाच्या रिळांचा पदार्थही हाच. नाव राहिलं, माल बदलला. आता थर असतो पीव्हीसीचा आणि खाली पॉलिएस्टरचं कापड. बाजूच्या पारदर्शक खिडक्याही पीव्हीसीच्याच, फक्त कापडाशिवाय.

पीव्हीसी मुळात कडक. शेतातला पाण्याचा राखाडी पाइप आणि हूडची खिडकी ही सख्खी भावंडं, यावर पटकन विश्वास बसत नाही. १९२६ साली अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. उकळत्या द्रावकात पीव्हीसी विरघळवून पाहताना त्यांच्या हाती एक लवचीक, रबरासारखा गोळा लागला. चिकटवायला तो निरुपयोगी ठरला, पण मऊ पीव्हीसी जगाला मिळालं. त्यातला मऊपणा आणणारा तेलकट द्रव रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून घसरू देतो. असा द्रव बऱ्याचदा वजनानं चौथा ते तिसरा हिस्सा असतो. कळण्याच्या भाकरीच्या पिठात पाणी जे काम करतं तेच हे. पाणी कमी पडलं की थापताना कडा चिरतात.

हूडाचं सगळं आयुष्य या द्रवावर आहे. तो साखळ्यांना पक्का जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. ऊन तापलं की तो थोडाथोडा पृष्ठभागावर येतो आणि उडून जातो. नव्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर बसतो, त्यात याचाही वाटा असतो. मे महिन्यात यावल-भुसावळकडे हवेचाच पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या काळ्या हूडाचा पृष्ठभाग त्याच्याही कितीतरी वर. रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय अतिनील किरणं साखळ्यांमधून हायड्रोजन क्लोराइड तोडून काढतात आणि उरलेला सांगाडा पिवळा पडतो. खिडक्या आधी पिवळट होतात, मग ताठ, मग घडीच्या रेषेवर तडकतात. पावसाळ्यात हूड गळायला लागलं की आपण पावसाला बोल लावतो. घाव उन्हानं घातलेला असतो, पाऊस फक्त तो दाखवून देतो.

आता कुशनवाल्याचा नऊ-दहाचा मुहूर्त कळेल. थंडीच्या सकाळी १० अंशांना पीव्हीसी ताठ असतं. टिचबटणं दोन बोटं लांब राहतात आणि ओढाताण केली तर खिडकी मोडते. मेच्या दुपारी उलट होतं. कापड इतकं सैल पडतं की हात आपोआप जास्त ताणतो; रात्री ते आवळलं की सगळा भार शिलाईवर येतो. कोमट हूड हे खरं हूड. बसवताना आधी कमानी ताठ करून घ्याव्यात, मग पुढची कड काचेच्या चौकटीत अडकवावी, मधली शिवण गाडीच्या मध्यावर आणावी, आणि मागचे-बाजूचे पट्टे सगळीकडून थोडे थोडे आवळत जावेत. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात, तर हूड कायमचं तिरकं बसतं. ढिलं ठेवणंही महागात पडतं. दोन कमानींमध्ये खळगा पडला आणि त्यात चौरस मीटरभर जागेवर सेंटिमीटरभर पाणी साचलं, तरी ते १० किलो होतं. त्या वजनानं खळगा आणखी खोल होतो, आणखी पाणी साचतं.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजनाइतका असतो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. टपावरून हवा वेगानं वाहते तिथे दाब कमी पडतो. पुढची खिडकी उघडी असली तर आतला दाब वाढतो. म्हणून टप वर फुगतो आणि फडफडतो, आणि त्या फडफडीनं शिलाईचा दोरा झिजतो.

लहानपणी कमांडरमध्ये मागे बसलेल्यांना एक कोडं नेहमी पडलं असेल. गाडी पुढे चालली आहे, मग धूळ मागून आत कशी येते? चौकोनी गाडीच्या पाठीमागे हवेला पटकन जोडून येता येत नाही, तिथे कमी दाबाचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात ओढली जाते. मागचा पडदा उघडा असला की ती आपल्या नाकात. धुळीचं एक वेळ चालेल, पण त्याच वाटेनं सायलेन्सरचा धूरही येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. मागचा पडदा गुंडाळून, बाजूच्या खिडक्या बंद ठेवून लांबचा प्रवास करू नये. बाजू उघड्या, मागचं बंद, हे ठीक.

निगा राखायची ती या सगळ्यावरूनच ठरते. धूळ कोरड्या फडक्यानं पुसू नका. तिच्यातले गारगोटीचे कण पीव्हीसीपेक्षा कितीतरी कठीण असतात, खिडकीवर घासले की ती आंधळी होते. आधी भरपूर पाणी ओतावं, मग सौम्य साबण आणि मऊ कापड. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून हूड चमकवण्याची खोड ड्रायव्हर मंडळींत आहे. दोन दिवस चकाकी येते खरी, पण तेल तेलाला ओढून नेतं या न्यायानं आतला मऊपणाचा द्रवच बाहेर निघतो. थिनरचं तर नाव काढू नये. हूडाच्या अडलेल्या चेनला, म्हणजे झिपला, तेल घालू नका, तेलात काळी माती बसते आणि तिचा कानस होतो. मेणबत्ती घासली तर पुरे. खिडक्या काढून ठेवायच्या तर घडी घालू नका. मध्ये जुनं धोतर घालून गुंडाळा, आणि तेही पूर्ण वाळल्यावर. या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे झाड. निंबाखाली उभी राहणारी जीप आणि अंगणात तापणारी जीप यांच्या हूडांत दोन उन्हाळ्यांनी फरक दिसतो.

हूड टाकाऊ झालं तरी खानदेशात ते फेकलं जात नाही. आधी कडब्याच्या गंजीवर जातं, मग पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर, मग कोंबड्यांच्या खुराड्यावर. त्याच्याही चिंध्या झाल्या की मात्र बांधावर काडी लावली जाते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. जळताना ते हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर होऊन निघतं, आणि अशा अर्धवट जळणात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. चिंध्या पोत्यात भरून भंगारवाल्याला द्या, तो नाही म्हणाला तर नगरपालिकेच्या कचरागाडीत टाका, पण बांधावर जाळू नका.