फवारणी : "आम्हाला कुठं काय झालं?"



पऱ्हाटीला पात्या धरू लागल्या की गावोगावी पंप बाहेर निघतात. आम्ही हातमोजांचा विषय काढला की पारावरचं एखादं जुनं माणूस हटकून म्हणतं, "साहेब, आम्ही उभा जन्म उघड्या अंगानं फवारणी केली. आम्हाला कुठं काय झालं?" हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्याच घरी, वडिलांच्या तोंडून ऐकलं. म्हणून आज त्याचाच विचार करू.

माझं लहानपण विदर्भातल्या कोरडवाहू शेतात गेलं. १९९० नंतरची ती वर्षं. बोंडअळीसाठी फवारणीमागून फवारणी चालायची. शाळा सुटली की ड्रममध्ये पाणी भरणं माझं काम. वडील झाकणानं औषध मोजून टाकायचे, मी कोपरापर्यंत हात घालून ढवळायचो. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं आणि त्याच हातानं धुऱ्यावर भाकर खायची. रिकामे डबे आई राखेनं घासून घ्यायची. एकात मीठ, दुसऱ्यात रॉकेल.

एका संध्याकाळी वडील धुऱ्यावरच बसले. दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढं अंधुक, दंडाचे स्नायू फडफडत होते. ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस दिला, त्याच ओल्या कपड्यांत निजवलं. रात्री बैलगाडीनं दवाखान्यात नेलं तेव्हा वाचले. तरी आजही म्हणतात, "मले काय झालं?" त्यांच्या हिशेबी ते ऊनच होतं.

बंधूंनो, ते ऊन नव्हतं. मेंदूचा निरोप मज्जातंतूंवाटे स्नायूंना मिळतो. काम झालं की तो निरोप थांबवणारं एक द्रव्य शरीरात असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं नेमकं तेच निकामी करतात. निरोप थांबत नाही. म्हणून घाम, लाळ, थरथर आणि शेवटी श्वास अडतो. हे विष तोंडावाटेच जातं असं नाही, कातडीतूनही शिरतं. रोज थोडं थोडं गेलं तरी परिणाम साचत जातो.

जे वाचले ते पारावर बसून सांगतात. जे गेले ते सांगायला येत नाहीत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेकडो जण दवाखान्यात गेले, कित्येक दगावले. तीही आपल्यासारखीच, हातात पंप घेतलेली माणसं होती.

तेव्हा एवढं कराच :

१. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

२. औषध मापानंच घ्या, काठीनं ढवळा. मनानं दोन-तीन औषधं एकत्र करू नका.

३. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली असेल तर अधिक जपा.

४. नोझल तोंडानं फुंकू नका, पाण्यानं धुवा.

५. काम झालं की साबणानं आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. रिकामा डबा भोकं पाडून निकामी करा. तो घरात नको.

६. त्रास झालाच तर अंगावरचे कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, १०८ ला फोन करा. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवा; त्यावरून उपचार ठरतो.

वडील अजून शेतात जातात. मोजे घालताना कुरकुरतात. पण नातू ड्रमजवळ आला की, "मागं हो रे!" म्हणून ओरडतात. काही झालंच नव्हतं, तर पोराला मागं का सारायचं? ही भीती खरी आहे. जी काळजी नातवाची, तीच स्वतःची घ्या.