दोन खंडांना जोडणारी, दोन सागरांना तोडणारी भूमी
पनामातील ‘बिओमुसेओ’ या जीवसंग्रहालयाचा परिचय

नकाशावर पाहिले असता पनामा हा देश उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मध्ये ताणलेल्या एखाद्या वाकड्या दोरीसारखा दिसतो. क्षेत्रफळ सुमारे ७५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जेमतेम चौथाईइतके. अरुंद ठिकाणी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतचे अंतर अवघे ५० किलोमीटरच्या आसपास. परंतु या चिमुकल्या देशात पक्ष्यांच्याच सुमारे १,००० जाती आढळतात. एवढ्याशा भूमीला हे वैभव कोठून लाभले, याचे उत्तर देण्यासाठी पनामा शहरात २०१४ साली एक संग्रहालय उघडण्यात आले. त्याचे नाव ‘बिओमुसेओ’, म्हणजेच जीवसंग्रहालय.

संग्रहालयाची जागाही अर्थपूर्ण आहे. पनामा कालवा खोदताना निघालेला दगड समुद्रात भरून जो लांबच लांब बांध घातला गेला, त्याच्यावर ही वास्तू उभी आहे. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या पत्र्यांची वेडीवाकडी छपरे लांबूनच नजरेत भरतात. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांची ही रचना आहे. मधला चौक चारी बाजूंनी मोकळा असून समुद्रावरचा वारा त्यातून खेळत असतो, आणि जवळूनच कालव्याकडे जाणारी अजस्र जहाजे संथपणे सरकताना दिसतात.

आत एकंदर आठ दालने आहेत. एका दालनात भिंतींवर, छतावर आणि पायांखालीही चित्रपटाचे पडदे असून, अरण्य आणि समुद्र यांच्या ऐन मध्यभागी उभे असल्याचा भास होतो. त्यानंतरच्या दालनात भूकवचाच्या हालचालींची कथा सांगणारी, १४ मीटर उंचीची खडकासारखी शिल्पे आहेत. एके काळी दोन्ही अमेरिकांच्या मध्ये केवळ पाणी होते. भूकवचाचे थर एकमेकांवर रेटले गेले, सागरतळाशी ज्वालामुखी पेटले, त्यांची बेटे झाली, बेटांमधल्या जागेत गाळ साचला आणि सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी ही संयोगभूमी अखंड झाली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

पूल तयार होताच त्यावरून रहदारी सुरू झाली. तिचे दर्शन पुढच्या दालनात घडते. येथे लहानमोठ्या ७२ पशुपक्ष्यांच्या शुभ्र प्रतिमा जणू धावत निघाल्या आहेत. दक्षिणेकडून राक्षसी आकाराचे स्लॉथ आणि खवल्यांचे चिलखत घातलेले आर्माडिलो उत्तरेस गेले. उत्तरेकडून हरणे, अस्वले, घोडे आणि मार्जारकुळातील हिंस्र पशू दक्षिणेस उतरले. या यात्रेकरूंमध्ये आपल्या ओळखीचे एक कूळ होते. उंटाचे आद्य घर राजस्थान नव्हे, अरबस्तानही नव्हे, तर उत्तर अमेरिका होय. त्या कुळाची एक शाखा उत्तरेकडील भूमार्गाने आशियात आली आणि तिचे वंशज आजचे उंट झाले. दुसरी शाखा पनामाच्या पुलावरून दक्षिणेस गेली. अँडीज पर्वतातील लामा हे तिचे वंशज. मूळ घरी मात्र हे कूळ पुढे नामशेष झाले.

ज्या भूमीने दोन खंड जोडले, तिनेच एक समुद्र दुभंगला. हे सत्य समजावण्यासाठी संग्रहालयात १० मीटर उंचीची दोन मत्स्यालये समोरासमोर उभारली आहेत. एक पॅसिफिकचे, दुसरे कॅरिबियनचे. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पंधरा-सोळा फुटांचा फरक पडतो. कॅरिबियनकडे तो फूटभरच. पॅसिफिकचे पाणी पोषक द्रव्यांनी समृद्ध, म्हणून तेथे माशांची रेलचेल. कॅरिबियनचे पाणी उबदार व नितळ, म्हणून तेथे प्रवाळांची शोभा. एकाच कुळातले जीव दोन्हीकडे अडकले आणि हळूहळू परके झाले. नॅन्सी नोल्टन या संशोधिकेने दोन्ही किनाऱ्यांवरच्या, नांगीने टिचकी वाजवणाऱ्या कोळंब्या एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा या जुन्या भाऊबंदांनी बहुधा सोयरीक नाकारून एकमेकींवर नांग्याच उगारल्या!

निसर्गाने बांधलेला हा पूल मनुष्याने कालवा खोदून कापला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा वाहतुकीस खुला झाला. परंतु कालव्यात समुद्राचे पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत नाही. जहाजे पाण्याच्या पायऱ्यांवरून सुमारे २६ मीटर उंच, गोड्या पाण्याच्या गातुन तलावात चढवली जातात आणि पलीकडे उतरवली जातात. दर जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडावे लागते. हे पाणी येते पावसाचे, आणि ते धरून ठेवते भोवतालचे अरण्य. २०२३ साली पाऊस रुसला, तलाव खाली गेला आणि रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली. जगाच्या व्यापाराची एक मोठी वाट अशी झाडांच्या मुळांवर उभी आहे.

रहदारीचा दुसरा धडा एका बेडकाने दिला आहे. पनामाचा सोनेरी बेडूक हे त्या देशाचे भाग्यचिन्ह मानले जाते. ओढ्याच्या गलबल्यात आवाज पोहोचत नाही म्हणून तो पुढचा पाय हलवून आपल्या जातभाईला खूण करतो. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी एक घातक बुरशी मनुष्याच्या व्यापाराबरोबर खंडाखंडांत पसरली आणि २००६ साली ती एल व्हाये या गावी पोहोचली. तेथे वाचवलेल्या बेडकांना प्रथम एका हॉटेलच्या खोल्यांत आसरा द्यावा लागला! रानातून तो दिसेनासा झाला. त्याचा वंश माणसाच्या देखरेखीखाली सांभाळण्यात आला. पूल हा वरदान असतो, तसा त्यावरून काय जाते याची राखण करण्याची जबाबदारीही तो सोपवतो, हे या इवल्या जीवाच्या कथेवरून ध्यानी येते.

अखेरच्या दालनाचे नावच ‘पनामा हेच संग्रहालय’ असे आहे. भिंतींच्या आत पाहिले ते बाहेरच्या रानात आणि किनाऱ्यावर जाऊन पाहा, असे ते सुचवते. आपल्यालाही हा सल्ला घेता येईल. आपली भूमीही एके काळी दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला भिडली आणि हिमालय उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिकच्या टेकड्यांत प्राचीन उंटांचे जीवाश्म सापडले आहेत. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये शिवालिकच्या जीवाश्मांचे स्वतंत्र दालन आहे. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन तेथे जाल, तेव्हा त्यांना पनामाच्या वाटेने गेलेल्या उंटाच्या भावंडांची गोष्ट अवश्य सांगा.