ड्रोनचे बिनतारी चार्जिंग आणि ओला हात

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून पाठीवरचा पंप उतरवू पाहणारे प्रत्येक यंत्र मी बारकाईने पाहतो. फवारणीचा ड्रोन माणसाला फवाऱ्यापासून दूर ठेवतो खरा. पण भरल्या टाकीने तो दहा-बारा मिनिटेच उडतो. मग औषधाने ओल्या झालेल्या यंत्राला हात लावून कोणीतरी बॅटरी बदलते. हा हात वाचवता येईल का?

बिनतारी चार्जिंगचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच दाखवले. एका वेटोळ्यातील विद्युतप्रवाह सतत बदलत राहिला, तर शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. एक वेटोळे ड्रोनच्या पायाशी, दुसरे उतरण्याच्या फळीखाली. मध्ये उघडे धातूचे टोक नाही, त्यामुळे गंज वा चिखलाची भीती नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळून मी हे घरी करून पाहिले. वेटोळी समोरासमोर असताना दिवा लख्ख लागला. चार बोटे सरकवताच मंदावला. २००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी दोन्ही वेटोळ्यांची कंप्रता जुळवून दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवला; मात्र सुमारे ४० टक्केच वीज पोहोचली. म्हणजे ड्रोन फळीवर नेमका उतरणे महत्त्वाचे.

आता हिशेब करू. ४४ व्होल्ट, १६ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ७०० वॅट-तास ऊर्जा मावते. ती वीस मिनिटांत भरायची, तर २,१०० वॅट हवेत. दहा टक्के गळती धरली, तरी दोनशेहून अधिक वॅटची उष्णता फळीजवळच साचणार. शिवाय वावरात वीज कुठली? जनरेटर आलाच. त्यापेक्षा भरलेली बॅटरी मिनिटभरात बदलून होते. आणि टाकी भरताना हात ओला होतो तो होतोच.

म्हणून माझे मत असे : पिकावर नजर ठेवणाऱ्या छोट्या ड्रोनला बिनतारी फळी शोभेल, त्याची बॅटरी लहान, घाईही कमी. फवारणीच्या ड्रोनसाठी मात्र आज जादा बॅटऱ्या आणि ती बदलणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, हाच उपाय. ड्रोन उडवणाऱ्याकडे सगळे पाहतात. बॅटरी बदलणाऱ्या मजुराच्या हाताकडेही पाहू या.