बाथरूमचं कोटेशन कसं वाचायचं? शेवटचा आकडा सगळ्यात शेवटी

आजचा भाग बाथरूमबद्दल आहे. चौरस फुटाच्या हिशोबाने बघितलं तर सहसा घरात एवढा खर्च दुसऱ्या कुठल्या खोलीवर होत नाही. आणि काम बिघडलं तर त्रास फक्त आपल्याला होत नाही, खालच्या मजल्यावरच्यांनाही होतो.

पुण्यात आई-बाबांचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बिल्डिंगला तीस वर्षं होत आली. खालच्या काकांच्या छताला ओल यायला लागली आणि बाथरूम पूर्ण उकरून नव्याने करायचं ठरलं. तीन जणांकडून कोटेशनं मागवली. पहिलं आलं 95,000 रुपयांचं, दुसरं 1,72,000 चं आणि तिसरं 2,35,000 चं. बाथरूम तेच, पाच फूट बाय सात फूट. मग एवढा फरक कसा?

बाबा म्हणाले, "पहिला स्वस्त आहे, त्याला देऊन टाकू." आईचं म्हणणं, "स्वस्त आहे म्हणजे काहीतरी खातोय." माझ्या मते दोघंही आकड्याकडे बघत होते, आणि कोटेशनमध्ये आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज होतं. क्लायंट म्हणतो "एक साधं ॲप हवंय", आणि तीन कंपन्या तीन वेगळी ॲप्स मनात धरून तीन किमती सांगतात. बाथरूमचंही तेच. तिघांनी आपल्याला तीन वेगवेगळी बाथरूम विकायला काढलेली असतात.

आधी आपला कागद

म्हणून पहिलं काम: ठेकेदाराला घरी बोलावण्याआधी एक कागद आपण स्वतः तयार करायचा. "साहेब, बघून सांगतो" असं म्हणून तो जे बघेल, त्यापेक्षा आपल्याला जे हवंय ते त्याच्या हातात द्यायचं. तिघांना तोच कागद.

त्यात मापं हवीत. आमच्या बाथरूमचा हिशोब सांगतो, तुम्ही तुमची मापं घालून करा. जमीन 5 गुणिले 7, म्हणजे 35 चौरस फूट. चारही भिंतींची मिळून लांबी 24 फूट. टाइल्स सात फुटांपर्यंत, म्हणजे 168 चौरस फूट. त्यातून अडीच फुटी दरवाजाचे साडेसतरा वजा केले की उरले 150.5. खिडकी अगदी छोटी, ती सोडून दिली. जमीन आणि भिंती मिळून 185.5 चौरस फूट. कापाकापी आणि तुटफूट यासाठी दहा टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण 204 चौरस फूट. एक बाय दोन फुटांची टाइल घेतली तर 102 टाइल्स.

हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण आता कोणी "अडीचशे फूट टाइल लागेल" म्हणालं तर आपण विचारू शकतो की कशी. लावण्याच्या मजुरीचा दर प्रत्यक्ष लागलेल्या मापावर आहे की विकत घेतलेल्या, हेही विचारायचं. दरवाजाची जागा वजा करणार का, हेसुद्धा.

मापांनंतर कामाची यादी. जुनी फरशी आणि कोबा पूर्ण काढायचा, की फरशीवर फरशी बसवायची? राडारोडा कोण नेणार? पाइप किती बदलायचे? आमच्याकडे जुने लोखंडी पाइप गंजलेले होते आणि मैल्याची लाइन बीडाची होती. नळ, शॉवर, कमोड कोण आणणार? दरवाजाला ग्रॅनाइटची चौकट करायची का? आईच्या गुडघ्यांमुळे आम्हाला उंबरा कमी उंचीचा हवा होता आणि कमोडशेजारी भिंतीला आधाराचा दांडा. तेही कागदावर लिहिलं. तोंडी सांगितलेलं काम कोटेशनमध्ये नसतं आणि नंतर "एक्स्ट्रा" म्हणून परत येतं.

जे झाकलं जाणार आहे, त्याचे प्रश्न आधी

टाइलचा रंग उद्याही बघता येतो. पण टाइलच्या मागे जे जातं ते पुढची वीस वर्षं दिसत नाही. त्यामुळे कोटेशन वाचताना मी झाकल्या जाणाऱ्या गोष्टींच्या ओळी आधी शोधल्या.

पहिली गोष्ट वॉटरप्रूफिंग. पहिल्या कोटेशनमध्ये फक्त "कोबा" लिहिलं होतं. दुसऱ्यात कोबा आणि त्यावर केमिकलचे दोन हात, जमीन आणि भिंतींना तीन फुटांपर्यंत. तिसऱ्यात "कम्प्लीट वॉटरप्रूफिंग", बाकी काही नाही. इथे माप किती महत्त्वाचं आहे बघा. जमीन 35 चौरस फूट. दरवाजा सोडून भिंतींची लांबी साडेएकवीस फूट, तीन फूट उंचीपर्यंत म्हणजे 64.5. एकूण जवळजवळ 100 चौरस फूट, गवंड्याच्या भाषेत एक ब्रास. पण भिंतीला फक्त सहा इंच केमिकल मारलं तर एकूण 46 फूटच होतं. म्हणजे चौरस फुटाचा दर तोच ठेवून निम्म्याहून कमी काम करता येतं. नुसता दर विचारून उपयोग नाही, किती मापाला तेही विचारा. शॉवरची भिंत त्याहून वर घ्यायला सांगा.

दुसरी गोष्ट पाइप. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी हवा, साधा पीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसीचं भारतीय मानक आहे आयएस 15778. कोटेशनमध्ये कंपनीचं नाव आणि हे मानक दोन्ही लिहून घ्या.

तिसरी गोष्ट टाइल कशाने चिकटवणार. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या गाऱ्याने ती भिंतीला नीट पकडत नाही आणि काही काळाने पोकळ वाजायला लागते. तिला ॲडहेसिव्ह लागतं. त्याचं मानक आयएस 15477. कोटेशनमध्ये "टाइल फिटिंग" एवढंच असेल तर सिमेंट की ॲडहेसिव्ह, हे विचारा.

चौथी गोष्ट वीज. गीझरला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. ओल्या हाताने वावरायची खोली आहे ही. अनेक कोटेशनांमध्ये इलेक्ट्रिकचं काम धरलेलंच नसतं.

तिघांना एका पातळीवर आणायचं

आता खरा हिशोब. दर शहरागणिक आणि दुकानागणिक बदलतील, पद्धत लक्षात ठेवा. प्रत्येक कोटेशनमध्ये आपल्या कागदावरचं जे नाही ते मिळवायचं, आणि जे आपण मागितलंच नव्हतं ते वजा करायचं.

पहिलं, 95,000. खाली बारीक अक्षरात होतं: "टाइल्स, फिटिंग, केमिकल पार्टीचे." पार्टी म्हणजे आपण! मग मिळवलं: टाइल्स 204 फूट, 60 रुपयांनी 12,240. ॲडहेसिव्ह आणि ग्राउट 4,500. कमोड, बेसिन, नळ, शॉवर मिळून 42,000. राडारोडा 6,000. वॉटरप्रूफिंगचं केमिकल, एक ब्रासला 7,000. वरचे 71,740. एकूण 1,66,740.

दुसरं, 1,72,000. यात बहुतेक सगळं होतं, पण टाइलचा दर 45 रुपये धरलेला आणि फिटिंगला 30,000. आम्हाला आवडलेल्या टाइलचा दर 60, फिटिंग 42,000 चं. फरक 3,060 आणि 12,000. राडारोड्याचे 6,000. एकूण 1,93,060.

तिसरं, 2,35,000, आणि शेवटी "टॅक्सेस एक्स्ट्रा". 18 टक्के जीएसटी धरून 2,77,300. पण त्यात फॉल्स सीलिंग 9,000 चं आणि काचेचं पार्टिशन 22,000 चं होतं, जे आम्ही मागितलं नव्हतं. ते काढून 2,04,000, जीएसटीसकट 2,40,720.

आता बघा. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये 77,000 चा फरक दिसत होता, तो उरला 26,320. बाबांना मी ही शीट फोनवर पाठवली आणि "स्वस्त" हा शब्द घरात परत ऐकू आला नाही.

महाग पडणारे शब्द

कोटेशनमधले काही शब्द दिसले की थांबा. "किंवा तत्सम" म्हणजे चांगल्या कंपनीचं नाव आधी लिहून नंतर दुसरंच काही लावायची मोकळीक. भिंतीच्या आत जाणाऱ्या डायव्हर्टरसाठी तर मॉडेल नंबरच लिहून घ्या, तो नंतर बदलायचा तर टाइल फोडावी लागते. "लम्पसम" लिहिलं असेल तर त्याच्यात काय काय येतं ते खाली चार ओळींत मागा. "साइट कंडिशनप्रमाणे" म्हणजे उकरल्यावर नवीन काही निघालं तर नवीन पैसे.

ही शेवटची अट अगदीच चुकीची नसते. तीस वर्षांच्या कोब्याखाली काय आहे हे ठेकेदारालाही माहीत नसतं. म्हणून जास्तीच्या कामाचे दर आधीच मागायचे: पाइप रनिंग फुटाला किती, एक इलेक्ट्रिक पॉइंट किती, टाइलची कड घासायची तर फुटाला किती. काम सुरू असताना, भिंत उघडी असताना, घासाघीस करायची ताकद आपल्याकडे नसते.

पैसे कधी, चाचणी कधी

तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला: "टाइल लावायच्या आधी तीन दिवस पाणी भरून ठेवणार का?" वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, जमिनीवर पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि 72 तासांत खाली ओल येते का बघायचं. पाइपांचंही तसंच. भिंत बंद करायच्या आधी पंपाने दाब द्यायचा आणि रात्रभर काटा उतरत नाही ना ते बघायचं.

पहिला म्हणाला, "वीस वर्षं करतोय साहेब, पाणी भरायची गरज नाही." तिसरा म्हणाला, "शेड्यूलमध्ये बसत नाही." दुसरा म्हणाला, "भरू की, फक्त ते तीन दिवस माझी माणसं दुसरीकडे जातील." काम त्याला दिलं.

पैशांचे टप्पेही चाचण्यांना बांधले. ॲडव्हान्स 15 टक्के. तोडफोड, पाइप आणि दाबाची चाचणी झाल्यावर 25. पाण्याची चाचणी झाल्यावर 25. टाइल्सनंतर 20. फिटिंग लागल्यावर 10. उरलेले 5 टक्के, म्हणजे 1,72,000 वर 8,600 रुपये, दोन महिने वापरून झाल्यावर. कोणी कामाआधी निम्मे पैसे मागत असेल तर मी तरी पुढचा माणूस बघेन.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या काकांचा फोन आला. छतात पाइप जिथून खाली उतरतो, तिथे तळहाताएवढी ओल. दुसऱ्या दिवशी प्लंबरने नहाणी ट्रॅपचा जोड उघडला, परत बसवला, भोवती पुन्हा केमिकल मारलं, आणि पुन्हा तीन दिवस पाणी. यावेळी खाली कोरडं. चार दिवस उशीर झाला, ज्यादा खर्च शून्य, कारण तो टप्पा पास झाल्याशिवाय पैसे नव्हते. हीच गळती टाइल लागल्यावर कळली असती तर नवीन फरशी फोडावी लागली असती, वर काकांचं छत आणि रंग. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, पण आपल्या बाथरूममधून होणारी गळती आपल्या खिशातून.

अजून दोन छोट्या गोष्टी. भिंत बंद व्हायच्या आधी पाइपांचे फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून. पुढे आरसा लावायला ड्रिल करताना उपयोगी पडतात. आम्ही आधाराचा दांडा त्या फोटोवरूनच बसवला. आणि टाइल लागल्यावर, शेवटचा टप्पा द्यायच्या आधी, कोपऱ्यात एक बादली पाणी ओतून बघा. उतार फुटाला एक ते दोन सूत असला की पाणी आपोआप ट्रॅपकडे जातं. कुठे डबकं राहिलं तर आत्ताच दाखवा.

तुमच्याकडे सध्या कोटेशनं आलेली असतील तर आज रात्री एवढंच करा: बाथरूम मोजा, आपला कागद लिहा आणि तिन्ही कोटेशनं त्या कागदाशेजारी ठेवा. पुढच्या भागात स्वयंपाकघराच्या ओट्याकडे वळू. तोवर, भेटू!