काडेपेटीतील बीजगणित

हैदराबादेत मराठी समाजाने १९०७ साली विवेकवर्धिनी संस्था उभारली. त्याच नगरात १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणितासह उच्च शिक्षण उर्दूतून देऊन दाखविले. देशी भाषेत गणित शिकविता येते काय, हा वाद वस्तुतः तेव्हाच मिटावयास हवा होता. प्रश्न उरतो तो रीतीचा.

४ काड्यांचा एक चौकोन मांडावा. त्याला दुसरा जोडला की काड्या ७, तिसऱ्याला १०. दर खेपेस ३ ची भर. हीच अंकगणिती श्रेढी. १०० चौकोनांना किती, असे विचारताच मुले मांडणे सोडून विचार करू लागतात. आरंभीची १ आणि प्रत्येक चौकोनाच्या ३, म्हणजे ३०१! चौकोन किती ते सांगा, काड्या ठरलेल्याच. फलन म्हणजे तरी दुसरे काय?

आम्ही मात्र सूत्र घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो. आजही 'पोर्शन' संपविण्याच्या घाईत काडेपेटीला तासिका मिळत नाही. भास्कराचार्यांना ११५० साली अशी घाई नव्हती. 'लीलावती'तील राजा शत्रूचे हत्ती धरावयास निघतो, पहिल्या दिवशी २ योजने चालतो, रोज सारखीच वाढ करीत ७ दिवसांत ८० योजने गाठतो. वाढ किती? उत्तर २२/७ योजने. ताळा वाचकांनी घरच्या दहावीतील मुलाकडून करून घ्यावा. सूत्र न सांगता.